अर्धं सूत

सोमवारी कोल्हापुरातल्या कारखान्यांना सुट्टी, म्हणून आप्पासो लोहार दुपारी जेवून कॉटवर आडवा झाला आहे. झोपायचं त्याच्या मनात नाही. वकिलांनी दिलेली दोन वाक्यं तो पाठ करतोय. उद्या अकरा वाजता कोर्टात उभं राहून ती म्हणायची आहेत: गाडीचं सगळं काम संदेश गुरवनं केलं, पुढचा ब्रेकही त्यानंच ढिला केला. एवढंच बोला, वकील म्हणाले होते, पुढं कोण काय विचारील त्याला आठवत नाही म्हणा. शाळेत ज्याला चार ओळींची प्रार्थना कधी धड पाठ झाली नाही, त्या माणसाला चौपन्नाव्या वर्षी घोकंपट्टी करायची पाळी आली आहे, आणि वाक्यं दोनच असून ती जिभेवर बसत नाहीत.

संदेश गुरव म्हणजे पलीकडच्या गल्लीतला गाड्यांचा मेस्त्री, वय सव्वीस. आणि गाडी म्हणजे आप्पासोच्या पोराची, हर्षदची, दोन स्ट्रोकची जुनी मोटारसायकल. साखर कारखान्यामागच्या नव्या बाह्यवळण रस्त्यावर रविवारी सकाळी पोरं शर्यती लावायची. चारशे मीटर सरळ रस्ता, दोन गाड्या, टॉवेल खाली पडला की सुटायचं आणि जो आधी पोचेल तो जिंकला. वळण नाही, घाट नाही, बारा सेकंदांत खेळ खलास. दोन वर्षांपूर्वी तिथं हर्षदही खलास झाला. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा तो पुढं होता, पण बघ्यांची गर्दी मोबाईल वर धरून रस्त्यातच धावत आली. गाडी थांबेना. गर्दी चुकवायला त्यानं हँडल मारलं आणि तो थेट ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर गेला. बावीस वर्षांचा होता, एकुलता एक.

तेव्हापासून आप्पासो संदेशवर दात धरून आहे. पोलिसांना पहिला जबाब त्यानंच दिला, निष्काळजीपणाचा गुन्हा लागला, आणि आता साक्षीची तारीख आली आहे. आप्पासोची साक्ष नीट झाली तर संदेश आत जाणार, असं वकील सांगतात. हे ऐकलं त्या दिवशी आप्पासो दोन भाकऱ्या जास्त जेवला होता.

आत स्वयंपाकघरात त्याची बायको शालन मिक्सरवर चटणी वाटतेय. आप्पासो डोळे मिटून पुन्हा सुरुवात करतो. गाडीचं काम संदेशनं केलं. ब्रेकचं काम गाडीनं केलं. संदेशचं काम ब्रेकनं केलं. वाक्यं पापण्यांसारखी जड होत जातात. आतला मिक्सर थांबत नाही, उलट वर चढतो, आणखी वर, किंचाळल्यासारखा, आणि एका क्षणी आप्पासोच्या ध्यानात येतं की चटणीला एवढा वेळ लागत नाही.

कॉट तीच आहे, उशीही तीच आहे. फक्त कॉटखाली फरशी नाही, डांबर आहे. आप्पासो बनियन-लेंग्यावर रस्त्याच्या मधोमध बसलाय आणि दोन्ही कडेला माणसं उभी आहेत. कुणाला त्याचं नवल वाटत नाही. कोवळं ऊन पडलंय. समोर चुन्याची रेघ आहे, रेघेवर लिंबू ठेवलंय आणि लिंबाच्या अलीकडं हर्षद गाडीवर बसलाय.

त्याला बघून आप्पासोला रडू यायला हवं होतं. येतो तो राग. दोन वर्षं ज्याच्यावर ओरडायचं होतं तो सापडत नव्हता, आता सापडलाय.

"खाली उतर," तो म्हणतो.

हर्षद मान वळवतो. चेहरा धड आहे, कुठं खरचटलेलंही नाही. फक्त वाळलाय. जाण्याआधी दोन महिने त्यानं रात्रीचं जेवण सोडलं होतं आणि शालन शेजारणींना कौतुकानं सांगायची की पोरगं व्यायामाला लागलंय. तो वजन उतरवत होता. आधी गाडीचं उतरवलं: मडगार्ड काढलं, आरसे काढले, स्टँड काढला, सीटमधला स्पंज काढला. टाकीत पेट्रोलसुद्धा औषधाच्या बाटलीनं मोजून एका फेरीपुरतंच घालायचं. गाडीत काढण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तो स्वतःच्या अंगावरचं काढायला लागला.

"तुम्ही इथं कशाला आलासा?" हर्षद विचारतो. "जित्तेपणी एकदा तरी आला हुता?"

आप्पासो त्याला सुनावतो की असल्या उकिरड्यावर मी पाय ठेवत नसतो, ज्याला दोनदा डिप्लोमा पास होता आला नाही त्यानं बापाला जाब विचारू नये, आणि आई रोज रात्री ताट वाढून बसायची तिला तू फसवलंस. हे सगळं तो एका दमात म्हणतो. हर्षद ऐकून घेतो आणि ओठाच्या एका कोपऱ्यातून हसतो. शाळेत मास्तरांचा मार खातानाही तो असाच हसायचा आणि त्यापायी दोन छड्या जास्त खायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ह्याची मेल्यावरही गेलेली नाही.

"आलाच हायसा तर बघा," हर्षद म्हणतो आणि पुढं बघतो.

टॉवेल पडतो. गाडी सुटते आणि तिच्या जोडीनं कॉटही सुटते. आप्पासो दोन्ही हातांनी कॉटची पट्टी धरतो. पोटातला जीव पाठीला चिकटतो, कडेची माणसं फासल्यासारखी दिसतात, कानात वारा भरतो. वकील, तारीख, कारखान्यातला सुपरवायझर, गुडघ्याचं दुखणं, काही काही मागून येऊ शकत नाही, सगळं त्या चुन्याच्या रेघेवर राहिलंय. आणि खोटं कशाला बोला, आप्पासोला बरं वाटतं. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलेलं नाही. तेवढ्यात ते बरं वाटणं त्याच्या ध्यानात येतं आणि तो स्वतःवरच चिडतो.

"कळलं?" बाजूनं हर्षद विचारतो. गाडी एवढ्या वेगात असून त्याचा आवाज शेजारी बसून बोलावं तसा येतो. "बारा सेकंद. त्यात मला कोण काय म्हणत न्हाई. नापास म्हणत न्हाई, बिनकामी म्हणत न्हाई. पाचशे माणसं माझ्या नावानं वराडत्यात. घरात माझं नाव शेवटचं कवा घेतलासा सांगा."

कडेची माणसं खरोखरच त्याच्या नावानं ओरडत असतात. आप्पासो त्यांच्याकडं बघतो. कुणालाच तोंड नाही, नुसते वर धरलेले मोबाईल आहेत.

तो विचारतो की ह्यातली मयताला किती आली होती. मी मोजली होती, तो म्हणतो, सात. पाचशेतली सात.

"आठ," हर्षद म्हणतो. "आठव्याला तुम्ही खांद्यावरनं हाकललासा."

आठवा संदेश होता. तिरडीला खांदा द्यायला पुढं झाला, तेव्हा आप्पासोनं चारचौघांत त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागं ढकललं होतं. पोरगा चप्पल हातात घेऊन स्मशानापर्यंत लांबून चालत आला आणि फाटकाबाहेर उभा राहिला. आप्पासोला हे आत्ता आठवायचं नव्हतं.

कॉट थांबलेली आहे. ती कॉट नाहीच, दवाखान्यातला लोखंडी बाक आहे, आणि समोर बंद दार आहे ज्याच्यावर लाल दिवा लागलाय. आप्पासो ह्या बाकावर साडेचार तास बसला होता. आत हर्षद होता. आता हर्षद त्याच्या शेजारीच बसलाय, गुडघे हलवत, जणू दोघं मिळून तिसऱ्या कुणाची वाट बघत आहेत. जिन्याजवळ एक शिपाई उभा आहे, कोर्टातला, हातात तारखांचा कागद घेऊन. तो दवाखान्यात कसा, हे आप्पासो विचारत नाही.

"उद्या काय म्हणणार हायसा?" हर्षद विचारतो. "म्हणा बघू."

आणि आप्पासो म्हणतो. दोन्ही वाक्यं, एकही शब्द इकडचा तिकडं न होता, ठणठणीत आवाजात. घरी आठ दिवस जमलं नाही ते दवाखान्याच्या बाकावर एका झटक्यात जमतं. त्याला समाधान वाटतं. शिपाई कागदावर टिकमार्क करतो.

"छान झालं," हर्षद म्हणतो. "आता खरं म्हणा."

आप्पासोचं टाळकं सटकतं. तो म्हणतो, खरं तेच आहे. त्या गुरवाच्या पोरानं तुला नादी लावलं. त्यानं इंजिन घासून दिलं नसतं तर ती गाडी दूध घालायच्याही लायकीची नव्हती. तो गॅरेजात शिट्ट्या मारत बसलाय आणि माझ्या घरात फोटोला हार आहे. तो आत जाणार आणि मी ते बघणार, मग मी सुखानं मरेन.

हर्षद लाल दिव्याकडं बघत राहतो. म्हणतो, तो शिट्ट्या मारतो हे तुम्हाला कुणी सांगितलं? दोन वर्षांत तुम्ही त्या गल्लीतनं गेला तरी का?

आप्पासो गेलेला नाही. कारखान्याला जायला ती गल्ली जवळ पडते, पण तो बस स्टँडाकडनं वळसा घालून जातो. लोकांना वाटतं रागानं.

लाल दिवा विझतो. हर्षद उठून दार ढकलतो आणि आत ऑपरेशनचं टेबल नाही, घरामागची शेड आहे. आप्पासोचं स्वतःचं लेथ तिथं उभं आहे, तीस वर्षं ज्याच्यावर त्यानं पोट भरलं ते. दोन वर्षं ताडपत्रीखाली झाकून ठेवलंय आणि तो दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर जातो. लोकांना वाटतं दुःखानं. लोक काय, लोकांना काहीही वाटतं. आता ताडपत्री नाही. लेथ स्वच्छ आहे, तेल दिलेलं आहे, आणि त्याच्या फिरत्या पकडीत, चकमध्ये, मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचा ॲल्युमिनियमचा ड्रम आवळलेला आहे, ज्याच्या पोटात ब्रेकचे शूज बसतात आणि घासून चाक थांबवतात.

"मला इथं यायचं नाही," आप्पासो म्हणतो. पण तो आत आलेलाच असतो.

तो बुधवार होता. हर्षद वर्तमानपत्रात गुंडाळलेला हाच ड्रम घेऊन शेडच्या दारात उभा राहिला होता. त्याआधी तीन वर्षं त्यानं त्या शेडात पाऊल टाकलं नव्हतं. काळं तेल, बारा तास उभं राहणं, नखांत कायमची घाण, हे मी करणार नाही, असं तो एकोणिसाव्या वर्षी तोंडावर सांगून मोकळा झाला होता, आणि आप्पासोनं ते मनाला लावून घेतलं होतं. त्या बुधवारी मात्र तो दारात उभा राहून म्हणाला की आप्पा, ब्रेकचे शूज आतनं घासतात, गाडी ओढते, पाव सेकंद जातो. ड्रम आतनं अर्धं सूत मोकळा करून द्या. संदेशला असलं बारीक काम जमत नाही. तुमच्या हातासारखा हात कुणाला आहे?

अर्धं सूत म्हणजे इंचाचा सोळावा भाग. तेवढा ड्रम मोकळा झाला की शूज त्याला शिवणारच नाहीत, मग लिव्हर कितीही दाबा. हे कळायला तीस वर्षांचा टर्नर लागत नाही, काल कामाला लागलेला माणूसही सांगेल. आप्पासोला ते ड्रम हातात घेताक्षणी कळलं. त्यानं विचारलंही की पुढचा ब्रेक राहायचा नाही, थांबणार कशानं? हर्षद म्हणाला, मागचा रग्गड आहे. आणि मग तो गेला नाही, तिथंच लेथशेजारी उभा राहिला, लहानपणी उभा राहायचा तसा, टूल कसं चालतं ते बघत. आप्पासोनं चक आवळला.

अर्धं सूत घेऊन झालं होतं. काम संपलं होतं. पण आतल्या अंगाला एक बारीकशी रेघ दिसत होती, आणि कसबी माणसाला अशी रेघ सहन होत नाही. त्यानं चकाकीसाठी शेवटचा एक कट आणखी मारला. कुणी मागितला नव्हता. आतला भाग आरशासारखा झाला. हर्षदनं बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, "नाद खुळा, आप्पा." त्या दोन शब्दांवर आप्पासो शनिवारपर्यंत तरंगत होता.

"तू खोटं बोललास," आता शेडमध्ये उभा राहून आप्पासो म्हणतो. "संदेशला जमत नाही म्हणालास. त्याला जमत होतं. तो नको म्हणाला होता."

"बोललो खोटं," हर्षद म्हणतो. "तो म्हणला पुढच्या ब्रेकला हात लावणार न्हाई, काय करायचं ते कर. म्हणून तुमच्याकडं आलो. तुम्हाला कळलं न्हाई?"

आप्पासो चकमधल्या ड्रमाकडं बघतो.

"कळलं का न्हाई, आप्पा?"

"कळलं."

"मग?"

"तू तीन वर्षांनी शेडात आला होतास," आप्पासो म्हणतो. हे तो आजवर कुणाला बोललेला नाही, स्वतःलाही नाही.

ह्यावर पोरगा विरघळेल, जवळ येईल, असं त्याला कुठंतरी वाटत असतं. स्वप्नात तरी तेवढं व्हावं. हर्षद जागचा हलत नाही.

"आलो म्हणून माझा ब्रेक कापलासा," तो म्हणतो.

आप्पासो मग जे हाताला लागेल ते फेकतो. म्हणतो, मी काय तुला शर्यतीला पाठवलं होतं का? तुझ्या मस्तीनं मेलास तू. घरात बसून चार घास खाल्ले असते तर आज जिवंत असतास. आईच्या पदराला धरून मोठा झालास आणि तिला न सांगता गेलास. हर्षद मान डोलावतो. म्हणतो, बरोबर आहे, माझ्या मस्तीनं मेलो, त्याचं मी कुणावर ढकलत नाही. मी माझं भोगतो. तुम्ही तुमचं दुसऱ्याच्या पोरावर का ढकलता?

शेडच्या दारात संदेश उभा आहे. तो मेलेला नाही, त्याला इथं यायचं कारण नाही, पण तो गुरुवारी सकाळी असाच येऊन उभा राहिला होता. त्यानं विचारलं होतं की आप्पा, मी नको म्हणालो होतो, मग पुढचा ड्रम कुणी मोकळा केला, हर्षद सांगेना झालाय. आप्पासो म्हणाला होता, मला काय विचारतोस, मेस्त्री तू का मी? संदेशनं खाली बघितलं होतं. शेडच्या जमिनीवर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, काळा भुगा पसरलेला होता आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या किसाच्या पांढऱ्या गुंडाळ्या पडल्या होत्या. त्यानं त्या बघितल्या, आप्पासोकडं बघितलं, आणि हर्षदला गाडी बाहेर काढू देऊ नका एवढं सांगून तो निघून गेला. आप्पासोनं ते हर्षदला सांगितलं नाही. त्यापुढच्या दोन वर्षांत संदेशनं पोलिसांना, वकिलाला, कुणालाही त्या पांढऱ्या किसाबद्दल एक शब्द सांगितला नाही. मेलेल्या पोराच्या बापावर काय बोलायचं, असं त्याच्या मनात असेल. आप्पासोला त्याचा राग होता तो खरा ह्याचा. त्यानं आळ घेतला असता तर भांडता आलं असतं. गप्प राहून त्यानं आप्पासोला कुठं तोंड दाखवायची सोय ठेवली नाही.

"घ्या, अजून एक कट मारा," हर्षद म्हणतो. "चकाकी कमी पडलीया."

लेथ आपसूक चालू होतं. आप्पासो हात मागं घ्यायला बघतो, पण हाताला तीस वर्षांची सवय, तो हँडलवर जातो आणि टूल पुढं सरकतं. ड्रमातून पांढरा कीस निघायला लागतो, गुंडाळी होऊन, गरम, थांबत नाही. ड्रम केव्हाच संपायला हवा होता. कीस जमिनीवर साचतो, घोट्यापर्यंत येतो, गुडघ्यापर्यंत येतो. लेथला मोटारसायकलचा वेग आलाय आणि शेडच्या मागच्या भिंतीच्या जागी पुलाचा कठडा दिसतोय, जवळ येणारा.

"बंद कर," आप्पासो म्हणतो.

"ब्रेक तुमच्याच हातात हाय," हर्षद म्हणतो. "दाबा की."

खरंच हातात ब्रेकचा लिव्हर आहे. आप्पासो दाबतो. लिव्हर शेळीच्या कानासारखा मऊ वळतो आणि थेट मुठीला येऊन टेकतो. तो सोडून पुन्हा दाबतो. पुन्हा टेकतो. त्याच्या आत काहीच नाही. हर्षदनं शेवटच्या दोन सेकंदांत हे केलं असणार, एकदा, दोनदा, तीनदा. आप्पासोनं हे दोन वर्षांत कधी मनात येऊ दिलं नव्हतं. किसाची गुंडाळी त्याच्या बोटाला विळखा घालते आणि आवळते, तो दोन्ही हातांनी जीव खाऊन लिव्हर दाबत राहतो, कठडा येतो.

"काय झालं वो? कुणाला शिव्या देतासा?"

शालन कॉटशेजारी उभी आहे. मिक्सर बंद आहे, घरभर लसणाचा वास आहे. दारातून दुपारचं ऊन फरशीवर आलंय. आप्पासो उठून बसतो. त्याच्या उजव्या मुठीतून रक्त गळतंय, उशीच्या अभ्र्यावर त्याचा वाटोळा डाग पडलाय.

शालन त्याचा हात ओढून मूठ उघडते. मधल्या बोटाला खोल चिरलंय आणि चिरेत काहीतरी रुतलंय. ती बांगडीतली सेफ्टी पिन काढते, हात उजेडाकडं धरते आणि हळूच ते उकरून काढते. ॲल्युमिनियमचा कीस आहे, बोटभर लांब, गुंडाळलेला, आत्ताच टूलवरून उतरल्यासारखा पांढरा. ती तो स्वतःच्या तळहातावर घेऊन बघते. बत्तीस वर्षं टर्नरचं घर चालवलेली बाई आहे, तिला कीस ओळखू येतो.

ती विचारते की हा कुठला, कारखान्यात तर तुम्ही बिडाचं काम करता. बिडाचा असा कीस येत नाही, भुगा येतो. आणि आज तर सुट्टी. उत्तराची वाट न बघता ती आतून हळदीचा डबा आणते, त्याच्या शेजारी बसते, चिमटीत हळद घेते.

आप्पासो तिच्याकडं बघतो. वकिलांची दोन वाक्यं आठवून बघतो. एक सबंध आठवतं, दुसरंही आठवतं. दोन्ही अगदी तयार आहेत.

"हर्षदच्या गाडीचा पुढचा ब्रेक मी कापला," तो म्हणतो. "संदेशनं नाही. तो नको म्हणत होता. मला माहीत होतं."

शालनची चिमूट बोटाच्या वर थांबते. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत जातं. ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडं बघते, हा माणूस आपल्या घरात कधीपासून राहतो हे आठवत असल्यासारखी.

"संदेशच्या आईच्या दारात जाऊन मी तळतळाट दिलाय," ती म्हणते. "सगळ्या गल्लीसमोर. तुजंबी पोरगं असंच जाऊ दे म्हटलंय. ती बाई माझ्या पाया पडत हुती आणि मी पाय काढून घेतला. तुमच्या शब्दावर."

ती चिमटीतली हळद परत डब्यात टाकते, झाकण लावते आणि डबा फरशीवर ठेवते. पदर खोचते. दाराजवळ जाऊन चपला पायात घालते.

"उठा," ती म्हणते.

तो म्हणतो की कोर्ट उद्या आहे, उद्या वकिलाला सांगतो, जबाब बदलून घेतो.

"कोर्टाचं उद्या बगा. त्या बाईच्या दारात आज जायाचं." ती मागं वळत नाही. "सगळी गल्ली ऐकंल असं बोलायचं. मी जवा बोलले तवा सगळ्यांनी ऐकलं हुतं."

आप्पासो उठतो. खुंटीवरचा शर्ट तो डाव्या हातानंच अंगात चढवतो, बटणं लागत नाहीत, तो तशीच सोडतो. बोटातून रक्त येतंच आहे. बांधायला चिंधी कुठं असते हे त्याला माहीत नाही, आणि विचारायची आज सोय नाही. तो बाहेर येतो तेव्हा शालन चार घरं पुढं गेलेली असते, संदेशच्या गल्लीच्या दिशेनं, न थांबता. तो बोट मुठीत धरून तिच्या मागं चालायला लागतो.